फुलोऱ्यात फवारू नये

ज्योत्स्ना देवरे नेमकं काय काम करते, हे तिच्या सख्ख्या आईलाही कधी धड सांगता आलं नाही. पोरगी अंबडच्या औषध कंपनीत डॉक्टर आहे, एवढंच नाशिकच्या सिडकोतल्या त्यांच्या कॉलनीला ठाऊक. मग काय, कोणी रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन दारात, कोणी गुडघा पुढे करून. "अहो काकू, मी माणसांची डॉक्टर नाही, पिकांच्या औषधाच्या कंपनीत आहे मी." "म्हणजे पिकांची डॉक्टर?" "पिकांचीही नाही हो. पिकावर विष मारल्यावर जे मरायला नको ते मरतं का, ते बघणारी." काकू एवढा मोठा आ करून बघायच्या आणि मग पुन्हा गुडघ्यावर यायच्या.

स्थळं बघण्याच्या दिवसांत तर फजितीला पार नव्हता. मालेगावच्या एका पाहुण्याने विचारलं, "मुलगी ऑफिसात काय करते?" लताबाई, म्हणजे तिची आई, पोरीचं कौतुक सांगायच्या भरात बोलून गेल्या, "गांडुळं मारते. मासेही मारते." पाहुणे माळकरी. चहा तसाच ठेवून उठले. ज्योत्स्ना आतल्या खोलीत हसून हसून बेजार, आणि लताबाईंनी दोन दिवस अबोला धरला. पुढे स्थळं आपोआप कमी झाली नि तिनंही तो विषय सोडून दिला.

पण काम काही हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. प्राणिशास्त्रात डॉक्टरेट करून त्र्याण्णव साली ती कंपनीत लागली. कीटकनाशक बाजारात आणायचं तर सरकारला आधी पुरावा द्यावा लागतो: हे ओढ्यात गेलं तर माशांचं काय होतं, मातीत मुरलं तर गांडुळांचं काय, पाखरांनी खाल्लं तर काय, मधमाश्यांचं काय. त्या चाचण्या करायच्या, करवून घ्यायच्या, त्यांची फाइल बांधायची आणि दिल्लीच्या समितीपुढे जाऊन प्रत्येक आकड्याचा जाब द्यायचा. खोकीच्या खोकी कागद. आणि एवढ्या सगळ्या खटाटोपातून शेवटी बाहेर काय पडतं? एक वाक्य. लेबलावरचा इशारा. तेवढं एक वाक्य शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे गेलं तर ज्योत्स्नाबाईंची वर्षाची मेहनत सार्थकी, नाहीतर सगळं मुसळ केरात.

कंपनीत तिला पाठीमागे 'ब्रेकमॅडम' म्हणायचे. बाकीचे गाडी पळवणार आणि ही ब्रेक दाबणार. तिला ते ठाऊक होतं. एकदा कँटीनमध्ये तिनं तोंडावरच ऐकवलं, "बाबांनो, घाट उतरताना ब्रेकच कामाला येतो." सगळे खी खी हसले आणि नाव पक्कं झालं.

दोन हजार साली कंपनीनं 'झपाटा' नावाचं नवीन औषध हातात घेतलं. कांद्यावरच्या फुलकिड्याचा कर्दनकाळ. चाचणीत मधमाश्यांची पाळी आली. पद्धत अशी, की जाळीच्या पिंजऱ्यात माश्या ठेवायच्या, निरनिराळा डोस द्यायचा आणि निम्म्या माश्या कोणत्या डोसाला मरतात ते शोधायचं. इथं निम्म्याचा प्रश्नच आला नाही. सगळ्यात हलका डोस दिलेल्या पिंजऱ्यातही सकाळी तळाशी माश्यांचा सडा. आपलंच काही चुकलं असेल म्हणून तिनं पुन्हा केलं, मग तिसऱ्यांदा केलं. तेच. तिनं पेन उचललं आणि वाक्य लिहिलं: 'पीक फुलोऱ्यात असताना फवारू नये. मधमाश्या मरतात.' शाळेतल्या पोरालाही कळावं असं.

ह्या एका वाक्यावर ती एवढी का अडून बसली, ते समजून घ्यायचं तर नामपूरला जायला हवं. मोसम नदीकाठचं हे गाव तिच्या वडिलांचंही आणि तिचं आजोळही. गावातच दिलेली तिची आत्या भागुबाई तिथं राहायची. वय झालेली, एकटी, आणि कांद्याचं बी धरण्यात आख्ख्या बागलाण तालुक्यात नाव असलेली. बी म्हणजे तिकडच्या भाषेत उळं. निवडक कांदे जमिनीत लावायचे, त्यांना कमरेएवढे दांडे फुटतात, त्यांवर पांढऱ्या फुलांचे गोंडे येतात, ते डोंगळे. त्या गोंड्यात काळं उळं भरतं. पण भरतं कधी? माशी बसली तर. कांद्याच्या फुलाचं असं आहे, की त्याचा पराग आधी गळतो आणि त्याची कूस मागाहून उघडते. एका फुलाचं दुसऱ्याला कोणीतरी नेऊन द्यावंच लागतं. भागुबाईला ह्यातलं शास्त्र ठाऊक नव्हतं. पण नदीकाठच्या उंबरावरचं आग्या मोहोळ तिनं आयुष्यात कोणाला जाळू दिलं नाही.

भागुबाईचं उळं विकत मिळायचं नाही. सासूनं तिला दिलेलं, तिनं भाचरांना, जावांना, लेकी-सुनांना ओंजळीनं दिलेलं. तो कांदा गर्द लाल, तिखट, आणि दिवाळीपर्यंत कांद्याच्या चाळीत दगडासारखा टिकणारा. पण उळ्याची एक खोड आहे. ते वर्षभरापलीकडे उगवत नाही. म्हणून दरसाल धरावंच लागतं, एक साल चुकलं की ओढाताण आणि दोन सालं चुकली की वाणच बुडाला. लहानपणी ज्योत्स्ना त्या डोंगळ्यांत शिरायची, आणि डोक्यावर माश्यांची एवढी घूं घूं असायची की आत्याची हाक ऐकू यायची नाही.

तर ते वाक्य. ते घेऊन ती विक्रीप्रमुख चौबळ साहेबांकडे गेली. हा माणूस वाईट नव्हता, पण त्याची जीभ लोण्यासारखी. वाक्य वाचून त्यांनी चष्मा काढला. "मॅडम, किड्याचं नाव काय?"

"फुलकिडा."

"फुलकिडा! तो फुलात बसतो. आणि तुम्ही लिहिता, फुलात मारू नका. मग शेतकऱ्यानं बाटली काय देव्हाऱ्यात ठेवून पुजायची?"

"साहेब, पात कोवळी असताना मारू द्या ना. तेव्हाही फुलकिडा असतोच. फक्त डोंगळ्यावर नको, फुलावर नको."

"आपल्या बाटलीवर हे असलं, आणि शेजारच्या कंपनीच्या बाटलीवर नसलं, तर गिऱ्हाईक कोणती उचलेल?" साहेबांचं बोलणं बरोबर होतं, हीच तर चिडण्यासारखी गोष्ट. बरोबर बोलणाऱ्या माणसावर राग काढता येत नाही.

पुढची तीन वर्षं त्या वाक्याची जी वरात निघाली, ती बघून दगडालाही वैताग यावा. बाटलीच्या दर्शनी बाजूवरून ते मागच्या बाजूला गेलं. तिथं जागा नाही म्हणून खोक्याच्या तळाला. तळाला छापता येत नाही म्हणून आत घडी करून घालायच्या पत्रकात, जिथं दहा-बारा भाषा दाटीवाटीनं बसलेल्या. ती प्रत्येक पायरीवर भांडली, प्रत्येक वेळी साहेब "बघू या की" म्हणाले, आणि प्रत्येक वेळी वाक्य आणखी एक पायरी खाली उतरलं. वर मुंबईच्या कुठल्याशा एजन्सीनं त्याचं मराठी 'शुद्ध' केलं: 'परागसिंचक कीटकांस अपायकारक असल्याने पुष्पावस्थेत प्रयोग टाळावा.' छापून आलेलं पत्रक हातात घेऊन ज्योत्स्ना कपाळाला हात लावून बसली. अरे, पुष्पावस्था! नामपूरच्या बाजारात पुष्पावस्थेचा अर्थ विचारलात तर बायका पदर तोंडाला लावून हसतील आणि विचारतील, कोणाची पोर मोठी झाली?

बरं, पत्रक तरी पोचतं का? छे! दुकानदार खोकं फोडून बाटल्या फळीवर मांडतो आणि पत्रकांत वाटाणे-फुटाणे बांधून विकतो. हे तिनं चांदवडच्या एका दुकानात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तिचं वाक्य फुटाण्यांच्या पुडीवर होतं, अर्धं फाटलेलं. तिनं पुडी विकत घेतली, फुटाणे गाडीच्या ड्रायव्हरला दिले आणि कागद पर्समध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी तो चौबळ साहेबांच्या टेबलावर टाकला. साहेब म्हणाले, "बघा, आपलं लिटरेचर किती दूरवर पोचलंय."

आणि मग दोन हजार चार सालच्या जानेवारीत, बागलाणचा विक्री प्रतिनिधी राजू अहिरराव तिच्या केबिनच्या दारात उभा राहिला. पोरगा चुणचुणीत, गोडबोल्या, आणि नात्याला जोडून बोलणारा. "मॅडम, नामपूरला शेतकरी मेळावा घेतोय. साहेब म्हणाले, भूमिकन्येचा सत्कार ठेवा."

"कोण भूमिकन्या?"

"तुम्ही!"

तिला हसूच आलं. शाल-श्रीफळाचा तिला तिटकारा. पण मनात लगेच दुसरी चक्रं फिरली. मेळावा म्हणजे हजार शेतकरी. समोर माइक. ना पत्रक, ना एजन्सी, ना पुष्पावस्था. ती थेट साहेबांकडे गेली. "मी येते. पण मला दहा मिनिटं बोलू द्यायचं. आमच्या अहिराणीत. मधमाशीवर."

"बोला की! तुम्हाला कोण अडवतंय?" साहेब म्हणाले. एवढ्या लवकर हो म्हटलेलं बघून तिला शंका यायला हवी होती. नाही आली. ती घरी गेली आणि आईपुढे उभी राहून भाषणाची तालीम केली. लताबाई म्हणाल्या, "आता कुठं मला कळलं तू काय करतेस ते."

फेब्रुवारीत, शिवारात डोंगळे फुलात असताना, मेळाव्याच्या दिवशी नामपूरला मोठा मंडप. बाजूला झपाट्याच्या खोक्यांनी भरलेला टेम्पो, मागे भरताची वांगी भाजायचा धूर, आणि स्टेजच्या कोपऱ्यात बँजो पार्टी. राजूनं त्यांना सांगून ठेवलेलं, टाळी पडली की दणका द्यायचा. भागुबाई बायकांत अगदी पहिल्या रांगेत, नवं लुगडं नेसून, भाची स्टेजवर बसलेली बघून डोळे पुसत होती.

आमच्याकडे सत्काराची एक रीत आहे. कंपनीनं शाल घातली म्हणजे सरपंचानं घालायलाच हवी. सरपंचानं घातली की सोसायटीच्या चेअरमननं. मग शाळेच्या हेडमास्तरांनी, मग देवरे भावकीनं, मग आजोळच्यांनी, कारण ते मागे राहिले तर गावभर बोभाटा. प्रत्येक शालीला टाळ्या, प्रत्येक टाळीला बँजो. तिच्या खांद्यांवर शालींचा ढीग चढला, मांडीवर नारळ मावेनात. चौबळ साहेबांचं भाषण झालं, लांबलचक. पाहुण्यांची भाषणं झाली. भरताचा वास मंडपात शिरला आणि मागच्या रांगा उठून सतरंज्यांच्या वळकट्या करायला लागल्या. तेव्हा कुठं राजूनं माइक तिच्या हातात दिला. "मॅडम, थोडक्यात."

थोडक्यात तर थोडक्यात. तिला एकच वाक्य सांगायचं होतं. पण आपल्याला लागलेली सवय: आधी आपण कोण, हे सांगायचं. लोकांनी का ऐकावं ते आधी, आणि काय ऐकावं ते नंतर. ती म्हणाली, "भाऊस्वन, बहिनीस्वन, हाई औषध मी सोता तपासेल शे, मन्हा हातवरी—"

कडाडून टाळ्या! गावच्या पोरीनं तपासलंय! आणि बँजोनं जो दणका दिला, तो थांबेचना. तिनं माइक तोंडाजवळ धरून ओरडून पुढचं सांगितलं, "म्हणूनच सांगते, डोंगळ्यावर मारू नका, फुलोऱ्यात मारू नका, माश्या मरतील!" तिचं तिलाही ऐकू गेलं नाही. राजूनं दुसरा माइक उचलला होता: "ऐकलं ना मंडळी? आपल्या ताईंनी सोता तपासलेलं! आता जेवणं, आणि टेम्पोपाशी खास सवलत!" सगळा मंडप उठला.

ती पंगतीत गेली. पानापानाशी वाकून सांगत सुटली. "भाऊ, फुलावर मारू नका हं." "हो हो ताई, तुम्ही आधी जेवा." "दादा, डोंगळ्यावर नको." "ताई, तुम्ही तपासलंय ना, मंग चिंता कशाची?" आत्याच्या शेताला बांध लागून असलेला गोटीराम, भला माणूस, बाटल्यांची पिशवी खांद्याला लावून तिच्या पाया पडायला आला. ती बोलायला लागणार तोच साहेबांच्या गाडीनं हॉर्न दिला. निघता निघता तिनं एकटीला काय ते बजावलं, आत्याला. हात घट्ट धरून सांगितलं, "आत्या, ह्यातलं थेंबभरही तुझ्या डोंगळ्यावर पडू देऊ नको." भागुबाई म्हणाली, "तू सांगं ना? मंग नही मारत." एकीनं तरी ऐकलं, ह्या समाधानावर ज्योत्स्ना नाशिकला आली. शाली पलंगाखाली गेल्या.

त्या आठवड्यात आत्याचं शेत सोडून सगळ्या शिवारानं झपाटा मारला. आपल्या पोरीचं औषध, कोण मागं राहील?

एप्रिलमध्ये नामपूरची तक्रार कंपनीत आली. गोंडे आले, वाळले, पण आत उळं नाही. फोलपटं नुसती. राजू पाहणी करून परतला, चेहरा खुललेला. त्यानं साहेबांपुढे अहवाल ठेवला: शिवारात एक शेत असं सापडलं, जिथं झपाट्याचा थेंबही मारलेला नाही. त्या शेतातही दाणा भरलेला नाही. म्हणजे दोष औषधाचा नव्हेच. फेब्रुवारीत ढगाळ हवा होती, दोष हवेचा. शेतमालकीण, भागुबाई.

ज्योत्स्नाला तो अहवाल सहीसाठी दिला गेला, कारण असल्या तक्रारींना शास्त्रीय उत्तर देणं हे तिच्याच खात्याचं काम. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. "साहेब, माशीला बांध कळतो का? सातबारा बघून फुलावर बसते का ती? सगळ्या शिवारात मेली, तर आत्याच्या शेतात येणार कुठून?"

"मॅडम, न फवारलेलं शेत तुलनेला घ्यायचं, हे शास्त्र तुम्हीच आम्हाला शिकवलंत." साहेबांनी शांतपणे पेन पुढे केलं. तिनं पेन घेतलं नाही. "मी आधी शेत बघून येते," म्हणाली आणि पर्स उचलून बाहेर पडली.

भागुबाई वाळल्या डोंगळ्यांत उभी होती. भाची आली म्हणून तिनं पाणी विचारलं, प्रवासाचं विचारलं, लताबाईंचं विचारलं. मग एक गोंडा तोडून तळहातावर चोळला आणि फुंकर मारली. भुसा उडाला. तळहात रिकामा. नदीकाठच्या उंबराकडे ज्योत्स्नानं बघितलं. मोहोळाची रिकामी पोळी लोंबत होती, त्यावर मुंग्या.

"तू सांगं, मी ऐकं," आत्या म्हणाली. "थेंब मारा नही. मंग मनंच काबरं गयं?"

रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. ती खरोखरच विचारत होती, माझंच का गेलं. ज्योत्स्नानं सांगितलं, माश्या सगळ्यांच्या सामाईक असतात, आत्या. एकीनं ऐकून भागत नाही. भागुबाईनं ते मनाशी घोळवलं. मग म्हणाली, "मंग सगळास्ले सांगाले पाहिजे व्हतं."

"सांगितलं गं! मंडपात. ओरडून ओरडून."

"कव्हय?" कधी सांगितलं, ह्याचंच आत्याला नवल वाटलं. "मी तं पुढेच बसेल व्हतू."

ज्योत्स्ना तिथंच बांधावर बसली आणि रडली. आजवर प्रयोगशाळेत किती माश्या मेल्या, कधी डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. भागुबाईनं तिला थोडा वेळ रडू दिलं. मग म्हणाली, चाळीत मागच्या उळ्याचे कांदे आहेत, चांगले आहेत. थंडीत तेच लावते. ते डोंगळे भरले तर भरले. नाहीतर सासूचं उळं माझ्याबरोबर गेलं.

अहवालावर ज्योत्स्नानं सही केली नाही. चौबळ साहेबांनी आवाजही चढवला नाही. दुसऱ्या एका साहेबांची सही घेतली आणि अहवाल नामपूरला रवाना झाला. वर तिच्या नावापुढे वार्षिक शेऱ्यात 'सहकार्याचा अभाव' असं आलं. नोकरी सोडावी असं तिला वाटलं नाही का? रोज वाटायचं. पण आपण गेलो तर ह्या खुर्चीत जो बसेल तो वाक्य लिहायचीही तसदी घेणार नाही, ह्या एका विचारानं ती चरफडत राहिली. आणि खरं सांगायचं तर दुसरं काही करताही येत नव्हतं.

पुढच्या फेब्रुवारीत तिनं रजा टाकली. रजेच्या कारणात 'कौटुंबिक' लिहिलं. पलंगाखालच्या सगळ्या शाली बोचक्यात बांधल्या आणि नामपूरची एसटी पकडली.

आत्याचे डोंगळे फुलले होते. उंबरावर नवीन मोहोळ बसलं होतं, पण लहानसं, तळहाताएवढं. ते पुरणार नव्हतं. ज्योत्स्नानं एक मऊ शाल हाताला गुंडाळली आणि सकाळचं ऊन चढल्यावर एका गोंड्यावरून हळूच हात फिरवला, मग दुसऱ्यावरून, मग तिसऱ्यावरून. पराग शालीला लागतो, शालीचा पुढच्या फुलाला. शालीवरची जरीची 'भूमिकन्या' ही अक्षरं पिवळी होऊन गेली. भागुबाईनंही एक शाल हाताला बांधली. दुपारपर्यंत दोघींच्या कमरेचे काटे ढिले झाले आणि वाफ्यातली एक सरीच संपली.

आत्या कमरेवर हात ठेवून उभी राहिली नि भाचीकडे बघून खुदकन हसली. "इतली शिकनी मनी पोर, आनि आखरीले माशीनं काम करी राहिनी!"

ज्योत्स्नालाही हसू आलं. वर्षभरात पहिल्यांदा. आणि तेवढ्यात बांधापलीकडून पेट्रोलवरच्या फवारणी पंपाची घरघर सुरू झाली.

गोटीराम. पाठीवर पंप, तोंडाला रुमाल, समोर त्याचे पांढरेशुभ्र फुललेले डोंगळे. फवारणार नाही तर काय करेल? औषधाचा दोष नाही, असं कंपनीनं शिक्क्यानिशी कळवलं होतं; त्या शिक्क्यापुढे भागुबाईच्या सांगण्याला कोण विचारतं? त्यानं तिला पाहिलं आणि आनंदानं हात उंचावला. "ताई! तुमनंच औषध मारी राहिनू!"

"गोटीराम! थांब! फुलावर मारू नको!" तिनं जीव खाऊन आरोळी दिली. त्यानं हसून मान हलवली, कानाकडे बोट दाखवलं. पंपापुढे काही ऐकू येत नाही, म्हणून. आणि नळी उचलली.

पुन्हा तेच! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शाल हाताला तशीच, साडी खोचलेली, ती बांध ओलांडून धावली, त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली आणि एका हातानं नळी धरून दुसऱ्या हातानं पंपाचं बटण बंद केलं. एकदम सगळं शांत झालं. उंबरावरच्या त्या मूठभर माश्यांची गुणगुण ऐकू येत होती. तिनं सांगितलं. नाव-गाव नाही, मी तपासलंय नाही, आधी तेच वाक्य. फुलोऱ्यात मारायचं नाही, माश्या मरतात, माश्या मेल्या की उळं भरत नाही, तुझंही नाही, आत्याचंही नाही. गेल्या साली तेच झालं.

गोटीरामनं तोंडावरचा रुमाल खाली केला. आपल्या डोंगळ्यांकडे पाहिलं, मग भागुबाईच्या, मग तिच्या हाताला गुंडाळलेल्या पिवळ्या पडलेल्या शालीकडे. मग पाठीवरचा पंप उतरवून बांधावर ठेवला आणि कळवळून म्हणाला, "मंग ताई, हाई तुम्ही मंडपमाच सांगाले पाहिजे व्हतं ना!"